पाडीची हागवण आणि नील रिपोर्ट

गणेश चवथ झाली आणि आमची दीड वर्षाची पाडी पातळ हगायला लागली. आमचा गोठा गोव्यातल्या सत्तरीत, पावसाळाभर जनावरं मळ्याच्या कडेनंच चरतात, त्यामुळे वाटलं कोवळ्या चाऱ्यानं पोट बिघडलं असेल. मेडिकलमधून अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध आणून पाजलं, काही फरक नाही. शेण पिचकारीसारखं, आणि वास असा की गोठ्यात उभं राहवत नव्हतं. शेण तपासायला दिलं तर रिपोर्ट नील, जंतांची अंडी नाहीत, मग मी निर्धास्त झालो आणि चार दिवस फुकट गेले, त्याचं अजून वाईट वाटतं.

पाचव्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "हिच्या गळ्याकडे बघ रे, काय लोंबतंय." जबड्याखाली पाण्याची पिशवी, बोटानं दाबलं की खड्डा पडून तसाच राहायचा. पापणी उलटली तर आत पांढरीफटक. लगेच सरकारी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पातळ शेण बादलीत घेऊन पाणी ओतलं, निवळू दिलं, वरचं पाणी काढलं, असं तीन-चारदा केलं आणि तळाशी तांदळाच्या कणीएवढे गुलाबी दाणे दिसले, बघूनच पोटात कालवलं. म्हणाले, "हे अँफिस्टोम, चपटे कृमी. अजून पिल्लं आहेत, अंडी कुठून घालणार? म्हणून रिपोर्ट नील."

हे कृमी साचलेल्या पाण्यातल्या गोगलगायीत वाढतात, तिथून निघून गवताला चिकटतात. जनावरानं ते गवत खाल्लं की पिल्लं लहान आतड्याच्या सुरुवातीला जाऊन आतल्या अस्तरालाच चावून बसतात, खरा त्रास तिथेच. मोठी होऊन वर पोटात गेली की मग अंडी घालतात, तोवर दोनेक महिने तरी जातात. अल्बेंडाझोल गोल जंतांना चालतं, यांना नाही.

डॉक्टरांनी छातीला टेप लावून वजन काढलं आणि त्या हिशोबानं ऑक्सिक्लोझानाइड हे चपट्या कृमींवरचं औषध पाजलं, तीन दिवसांनी परत एकदा, कारण पिल्लं एका डोसात सगळी मरत नाहीत. पहिल्या डोसानंतर ती आणखीनच हगली, रात्रभर आई तिच्यापाशी बसून होती, मीठ-गुळाचं पाणी थोडं थोडं पाजत. दुसऱ्या डोसानंतर शेण घट्ट व्हायला लागलं, गळ्याखालची पिशवी ओसरायला आठवडा गेला.

आता मळ्याच्या त्या पाणथळ कडेला काटेरी कुंपण घातलंय, पाणी गोठ्यातच बादलीनं देतो. बाकीच्या तीन गायींनाही डॉक्टरांना विचारून औषध दिलं. पाडी परवा दावं तोडून परत त्याच कडेला गेली होती, धावत जाऊन ओढून आणली.