केसाएवढा तडा

आज बेळगावच्या उद्यमबागेतील आमच्या कारखान्यात एका कास्टिंगवर (ओतीव भागावर) तडे शोधण्यासाठी लाल डाय लावून, पुसून, आत मुरलेला रंग वर खेचणारे पांढरे डेव्हलपर मारल्यावर कोपऱ्यात केसाएवढी लाल रेघ उमटली. खानापूरहून येणाऱ्या नव्या मुलाने विचारले, “दादा, एवढ्यासाठी टाकून द्यायचं?” जेवणाच्या सुट्टीत मी त्याला फॉर्म्युला वन मोटार शर्यतींतल्या रोलंड रॅट्झेनबर्गर या चालकाची हकिगत सांगितली.

३० एप्रिल १९९४, इटलीतला इमोला ट्रॅक. आदल्या फेरीत ट्रॅकबाहेर जाऊन आल्यामुळे त्याच्या गाडीच्या पुढच्या विंगला (गाडी ट्रॅकवर दाबून धरणाऱ्या पात्याला) इजा झाली असावी, असे मानले जाते. पुढच्या फेरीत ती तुटली आणि गाडी ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने भिंतीवर आदळली. दुसऱ्याच दिवशी तिथेच जगज्जेता चालक आयर्टन सेना अपघातात गेला. जगाला सेना आठवतो. मला रॅट्झेनबर्गर अधिक अस्वस्थ करतो.

कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने रॅट्झेनबर्गर गेला. हेल्मेट खांद्यांवरच्या कॉलरला पट्ट्यांनी बांधून डोके पुढे झटकू न देणारे ‘हान्स’ हे साधन फॉर्म्युला वनमध्ये सक्तीचे व्हायला २००३ साल उजाडले, आणि डोक्याभोवतीचे टायटॅनियमचे ‘हेलो’ हे संरक्षक कडे २०१८ मध्ये आले. २०२० मध्ये बहारीनच्या शर्यतीत चालक रोमां ग्रोजाँची गाडी लोखंडी कठडा फोडून दुभंगली व पेटली, तरी हेलोमुळे डोके वाचून तो भाजलेल्या हातांनी स्वतः बाहेर आला. आरंभी तोच हेलोच्या विरोधात होता.

सुट्टी संपल्यावर त्या मुलाने काही न बोलता कास्टिंगवर लाल रंगाची फुली मारली आणि ते भंगारात नेऊन ठेवले.