एएफपी नॉर्मल आली म्हणून सोनोग्राफी टाळू नका

मी बेळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. खानापूर, हुक्केरी, निपाणीहून माणसं येतात, पलीकडच्या चंदगडाहूनही येतात. रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टरांशी बोलणं अर्धं कन्नडात, आणि घरी म्हाताऱ्या आईला समजवायचं मराठीत. या सगळ्यात एएफपीच्या आकड्याने माणसं जितकी गोंधळतात, तितकी दुसऱ्या कुठल्या तपासणीने गोंधळलेली मी पाहिली नाहीत.

एएफपी म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन. पोटातल्या बाळाचं यकृत ते भरपूर बनवतं, जन्मानंतर ते अगदी थोडं उरतं. यकृताचा कॅन्सर झाला की काही गाठी ते पुन्हा बनवू लागतात. १९६० च्या दशकात सोव्हिएत रशियात आबेलेव्ह आणि तातारिनोव्ह यांनी हे दाखवलं, तेव्हापासून ही तपासणी चालत आली आहे. पण 'काही गाठी' हे शब्द महत्त्वाचे.

खानापूरकडच्या एका पोराची एएफपी १६० आली होती. हिपॅटायटीस बी (यकृताला सूज आणणारा विषाणूचा आजार), डोळे पिवळे, एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, ७०० च्या वर. त्याची बहीण काउंटरवरच रडायला लागली, "अक्का, कॅन्सरच की हे?" मी तिला बसवलं. हिपॅटायटीस भडकला की यकृताच्या पेशी मरतात, नव्या झपाट्याने तयार होतात, आणि त्या गडबडीतही एएफपी चढते. त्याच्या सोनोग्राफीत आणि सीटीत गाठ नव्हती. हिपॅटायटीस बीचं औषध टेनोफोव्हिर सुरू झालं, एसजीपीटी उतरली आणि तिच्यामागून एएफपीही. कॅन्सर असता तर ती बहुधा चढतच गेली असती. ४०० च्या वरचा आकडा मात्र गंभीरच घ्यावा लागतो, आणि गाठ असताना आकडा खूप मोठा असेल तर आजाराचा जोरही बहुतेक वेळा जास्त असतो.

उलटी गोष्ट माझ्या निपाणीच्या मामांची. हिपॅटायटीस बी जुना, सिरॉसिस (यकृतावर व्रण पडून ते घट्ट होणं) नाही, दारूला कधी शिवले नाहीत. एएफपी दरवेळी ५-६. "रक्त चांगलं आहे की, मग पोटाचा फोटो कशाला?" असं म्हणून ते सोनोग्राफी टाळायचे. तंबाखूची कामं आटपली की जाऊ, हे ठरलेलं उत्तर. मामींनी एकदा हट्टच धरला. यकृतात दोन सेंटीमीटरची गाठ निघाली. एएफपी तेव्हाही ५ च होती!

बी विषाणू पेशीच्या डीएनएत शिरतो, म्हणून सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. आणि अशा कॅन्सरच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांत एएफपी वाढतच नाही, गाठ लहान असेल तर त्याहून जास्त जणांत. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी दोन्ही करायच्या असतात. नुसत्या रक्तावर भागत नाही.

मामांची पिव्हका-टू, म्हणजे यकृताच्या कॅन्सरसाठी बघतात ती रक्तातली दुसरी खूण, तपासली तर ती मात्र २८० होती. साधारण ४० च्या आत हवी. रक्त गोठवणारं प्रोथ्रॉम्बिन हे प्रथिन अर्धवट तयार झालं की त्याला पिव्हका म्हणतात. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल किंवा शरीरात व्हिटॅमिन के कमी असेल तर तेही वाढतं, हे डॉक्टरांना आधी सांगायचं. तीन टप्प्यांच्या सीटीत कॅन्सर नक्की झाला. सुई घालून उष्णतेने गाठ जाळली. पुढच्या तपासणीत पिव्हका नॉर्मलला आली, तेव्हा रिपोर्ट मशीनमधून निघताना मी स्वतः तिथे उभी होते. मामींना फोनवर सांगताना माझा आवाज फुटत नव्हता.

पण गाठ गेली म्हणजे आजार गेला असं नाही. असे उपचार झालेल्या निम्म्याहून जास्त लोकांत पाच वर्षांत यकृतात पुन्हा गाठ येते. मामांचं टेनोफोव्हिर चालूच आहे, सीटी ठरलेल्या वेळी होते, आणि त्यांच्यासाठी आम्ही पिव्हका बघतो, कारण त्यांची एएफपी काही सांगतच नाही.

मामी आणि दोन्ही मुलांचंही रक्त तपासलं. थोरला पॉझिटिव्ह निघाला. मामी आणि धाकट्याला लस दिली. राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटीस बी आणि सीची औषधं मोफत मिळतात, सिव्हिलमध्ये विचारा. आणि घरात कुणाला बी असेल तर आधी सगळ्यांची एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटीस बी आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. पॉझिटिव्ह निघालेल्यांनी डॉक्टरांकडे जाताना नुसता रक्ताचा कागद नेऊ नये, सोनोग्राफीचाही घेऊन जावा.