हॉटेलचे वाय-फाय आणि आईच्या खोलीतला कॅमेरा : काशीचे तीन दिवस

आरक्षणापूर्वी मी हॉटेलला फोन करून मुद्दाम विचारले होते, की खोलीत एक लहान वाय-फाय कॅमेरा लावला तर चालेल का, आणि पलीकडून ‘बिलकुल चलेगा’ असे ठाम उत्तर आले होते. त्या उत्तरावर विसंबून मी ७८ वर्षांच्या आईला घेऊन वाराणसीला गेलो आणि पहिली संध्याकाळ दशाश्वमेध घाटाऐवजी खोलीतल्या प्लगपाशी उकिडवा बसून काढली. आईला घाटाच्या पायऱ्या उतरवत नाहीत आणि झोपेतून उठताना तिला भोवळ येते. मी आणि सोबतचे आणखी एक जण असे आम्ही दोघे बाहेर असताना ती नीट आहे एवढे दिसावे, इतकीच अपेक्षा होती.

घरी हाच कॅमेरा दोन मिनिटांत जोडला जातो. हॉटेलच्या वाय-फाय जाळ्याला मात्र पासवर्ड नव्हता; जोडल्यावर ब्राउझरमध्ये एक पान उघडायचे आणि खोली क्रमांक व मोबाईलवर आलेला ओटीपी मागायचे. कॅमेऱ्याला ना पडदा, ना ब्राउझर, त्यामुळे तो त्या पानापाशीच अडकायचा आणि त्याच्यातली बाई दर मिनिटाला जोडणी अयशस्वी झाल्याचे सांगायची. ‘तिला कंटाळा कसा येत नाही रे?’ असे आईने विचारले, तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

स्वागतकक्षाने कॅमेऱ्यावर छापलेला मॅक पत्ता, म्हणजे जाळ्यावर उपकरण ओळखण्याचा क्रमांक, नोंदवून घेतला, पण एका खोलीला दोनच उपकरणे मोफत असल्याने तिसऱ्याचे दिवसाला २०० रुपये पडतील, असे तेव्हा प्रथमच कळले. मी पैसे कबूल केले आणि कॅमेरा लागला. ती मुदत चोवीस तासांची आहे, हे मात्र कोणी सांगितले नाही. दुसऱ्या रात्री आम्ही नावेत असताना आई पलंगाच्या कडेवर अर्धवट उठून बसल्याचे दिसले आणि चित्र तिथेच गोठले. खोलीतला फोन तिने उचलेपर्यंतची ती चार मिनिटे मी विसरणार नाही.

माझे मत स्पष्ट आहे : अशा जाळ्यावर कॅमेरा थेट जोडण्याच्या फंदात पडूच नये. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सिगरा भागातून एक खिशात मावणारा राउटर आणला, तो हॉटेलचे वाय-फाय घेऊन स्वतःचे वेगळे जाळे देईल अशा रीतीने लावला, फोन त्या जाळ्यावर घेऊन लॉगिनचे पान एकदाच भरले, आणि हॉटेलच्या लेखी खोलीत ते एकच उपकरण उरले. राउटरच्या जाळ्याला घरच्या वाय-फायचेच नाव आणि पासवर्ड दिल्यास, घरची जोडणी अजून लक्षात असलेल्या कॅमेऱ्याची नव्याने जोडणीसुद्धा करावी लागत नाही. बहुतेक स्वस्त कॅमेरे वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींच्या पट्ट्यावरच चालतात, तेव्हा राउटरवर तोच पट्टा चालू ठेवावा. मुदत संपली की लॉगिन पुन्हा करावेच लागते, म्हणून बाहेर पडण्यापूर्वी ते उरकून घ्यावे.

राउटर नसेल तर जुना फोन चार्जरला लावून त्याचा हॉटस्पॉट देता येतो, पण सतत पाहत बसू नये. १ एमबीपीएस वेगाने चाललेले चित्र दिवसाला सुमारे १०.८ जीबी खाते, म्हणजे रोजचा २ जीबीचा पॅक साडेचार तासांच्या आत संपतो. चित्रण मेमरी कार्डावर ठेवून अधूनमधून मिनिटभर डोकावणे पुरते.

आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली. दाराजवळच्या खाचेतले की-कार्ड काढून नेले की खोलीतले बहुतेक प्लग बंद पडतात, आणि कॅमेराही. दुसरे कार्ड मागून घ्यावे. सफाईला माणूस येण्याआधी त्याला कॅमेऱ्याची कल्पना द्यावी आणि भिंग भिंतीकडे वळवावे.

विश्वनाथ मंदिरात मोबाईल नेता येत नाही, त्यामुळे एवढा खटाटोप करूनही दर्शनाच्या रांगेत काहीच दिसत नाही. आम्ही आळीपाळीने गेलो. सारनाथ सुरेख आहे, त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे.

निघताना बिलात ‘अतिरिक्त उपकरण’ म्हणून तीन दिवसांचे ६०० रुपये लावलेले होते. राउटर दाखवून वाद घातल्यावर तिसऱ्या दिवसाचे २०० वजा झाले, त्यामुळे पैसे देण्यापूर्वी बिलातली ती ओळ जरूर वाचावी.