पॅनल २५ वर्षांचं, आम्ही ४ वर्षांचे

मार्चमध्ये गच्चीवर कुरडया घालत होते, तेव्हा दोन पोरं टेप घेऊन वर आली. "काकू, जरा ह्यो कागद सरकवता का? माप घ्यायचंय." सोलर बसणार म्हणे. आम्ही सांगलीत ह्यांच्या खात्याच्या क्वार्टर्समध्ये १९ वर्षं राहतोय. खात्याचं नाव लिहीत नाही. ह्यांची नोकरी अजून ४ वर्षं आहे.

तीन मजले, बारा घरं, गच्ची एक. तिच्यावर चार काळ्या टाक्या, सात डिश (पाच बंदच), आणि उन्हाळाभर आम्हा बायकांचं वाळवण. त्यामुळं मी कुरडया सोडून पोरांच्या मागंच लागले. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा, दिवसाला सरासरी ४ युनिट. तोंड दक्षिणेला, कल १७ अंशांच्या आसपास, कारण सांगली तेवढ्याच अक्षांशावर आहे. टाकीची सावली मात्र चालत नाही. एका पॅनलवर पडली तरी जोडलेल्या सगळ्या ओळीचा जोर उतरतो.

बसणार होते चारच पॅनल, २ किलोवॅटचे. पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे ज्या मीटरवर आहेत तेवढ्यापुरते. म्हणजे खात्याचं बिल कमी होणार. आमच्या बारा मीटरांचं काय, हे त्या पोरांना विचारून उपयोग नव्हता.

पण एक भांडण मी तिथल्या तिथं केलं. इन्व्हर्टरचा डबा ते खाली मीटरच्या पेटीशेजारी लावत होते, वायर कमी लागते म्हणून. मी त्यांना जिन्यात नेऊन भिंतीवरची रेघ दाखवली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत पाणी होतं. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे. पोरगा म्हणाला, "काकू, मी विट्याचा. मला काय म्हाईत." डबा गेला दुसऱ्या मजल्यावर.

मग मी कॅलेंडरच्या मागं स्वतःचा हिशेब मांडला. माझ्याकडं घरघंटी आहे, शेजारपाजारचं दळणही घेते. (हे महावितरणनं वाचू नये.) महिन्याला १४० युनिट जातात, आणि १०० च्या पुढं दर चढतो. एका किलोवॅटनं महिन्याला १२० युनिट दिले तरी बिल जवळपास मिटलं. २०२४ साली आलेल्या सूर्यघर योजनेत केंद्राचं अनुदान एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,०००, तीन किंवा जास्तीला ७८,०००. मीटर ह्यांच्या नावावर. सगळं जुळत होतं, आणि मग प्रश्न आला, छत कुणाच्या नावावर?

समजा खात्यानं परवानगी दिलीही. पॅनलची वॉरंटी २५ वर्षांची, आणि आमचा मुक्काम ४ वर्षांचा. पैसे वसूल व्हायच्या सुमाराला आम्ही तासगावला सासऱ्यांच्या घरी असू आणि माझ्या पॅनलवर दुसरीच कुणी बाई दळण दळत असेल. म्हणजे भाडेकरूनं सोलर बसवावं ही अपेक्षाच खुळी आहे. बसवायचं तर घराच्या मालकानंच. भाडेकरू येतील-जातील, पॅनल तिथंच राहणार.

भाची इंग्लंडात लेस्टरला शिकायला आहे. तिनं सांगितलं, तिथं नगरपालिकांसारख्या कौन्सिलची स्वतःची भाड्याची घरं असतात आणि त्यांतल्या बऱ्याच घरांवर कौन्सिलनंच पॅनल बसवलीत. एप्रिल २०१० पासून तिथं तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटमागं ठरलेले पैसे मिळायचे. ते कौन्सिल घ्यायची आणि दिवसा तयार होणारी वीज राहणाऱ्यानं फुकट वापरायची. नव्या लोकांसाठी ती सोय ३१ मार्च २०१९ ला बंद झाली. मी म्हटलं, तुमच्याकडं डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो, तरी जमतंय? आमच्याकडं तर ऊन नको नको होतं.

तर मी अर्ज लिहिला. पॅनल खात्याचं, घरटी १ किलोवॅट जमत नसेल तर जेवढं जमेल तेवढं, वीज आमच्या मीटरांना वाटून, आणि त्या बदल्यात भाड्यात महिन्याला काही रक्कम वाढवून पगारातून कापा. गच्चीचं गणितही सोबत जोडलं. टाक्या आणि त्यांची सावली वगळून हजारेक चौरस फूट उरतात, म्हणजे १० किलोवॅट. बारा घरांना ते थोडं अपुरंच. ह्यांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "कुरडया कुठं घालणार मग?" ह्याचं उत्तर माझ्याकडं अजून नाही.

अकरा घरांच्या सह्या झाल्या. तळमजल्यावरच्या भाऊंनी केली नाही. ते जूनमध्ये रिटायर होतायत. "वैनी, भाडं आत्तापासून वाढलं तर मला काय मिळालं?" मी चहा घेऊन उठले. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

अर्ज आत गेलाय. तोवर त्या चार पॅनलांवर पाण्याची मोटर चालतेय. कारखाने सुरू झाले की काजळी पडते, वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर काळे ठिपके येतात, तसेच काचेवरही. पुसायचं काम कुणाचं, ते कुठल्याच कागदावर नाही. मग बायकांनीच पाळ्या लावल्यात, रविवारी सकाळी लवकर, काच तापायच्या आत. ह्या रविवारी माझी पाळी होती. फडकं दोनदा पिळलं तरी काळंच पाणी निघालं.