कालीबंगनचं नांगरलेलं शेत

बिकानेरचे तीन दिवस किल्ला, हवेल्या आणि बाजार यांत गेले. लिहायचंय ते एका शेताबद्दल. त्याच्यासाठी मी एवढ्या लांब गेले, आणि ते मला दिसलं नाही.

राजस्थानच्या उत्तर टोकाला, हनुमानगड जिल्ह्यात पीलीबंगा स्टेशनला उतरून रिक्षानं कालीबंगनला, हडप्पा काळातल्या गावाच्या जागी गेले. जानेवारीतली सकाळ, हाडं गोठवणारं धुकं. शेजारून घग्गर जाते. जाते म्हणायचं एवढंच, पाणी येतं ते पावसाळ्यात. एरवी रुंद कोरडं पात्र, त्यात लोक पिकं घेतात आणि तिला 'नाली' म्हणतात.

टेकाडावर पाऊल टाकायचं जिवावर येत होतं. जिकडेतिकडे खापरं आणि बांगड्यांचे तुकडे. कालीबंगन म्हणजे काळ्या बांगड्या, हे नाव तिथं पायांनाच कळतं. एक कुटुंब आलं, "इथं तर काहीच नाही," म्हणत दहा मिनिटांत परत गेलं. मला फार वाईट वाटलं. कारण १९६०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांच्या उत्खननात याच जागी, तटबंदीबाहेर आग्नेयेला, नांगराचे तास, म्हणजे नांगरानं पडलेल्या चरांच्या ओळी, जशाच्या तशा सापडल्या होत्या. इसवी सनापूर्वी साधारण २८०० सालच्या. पूर्व-पश्चिम तास ३० सेंटिमीटरवर, दक्षिणोत्तर तास १ मीटर ९० सेंटिमीटरवर. खोदणाऱ्यांनी आजूबाजूला पाहिलं, तर गावची शेतंही तशीच आडवीउभी नांगरलेली. जवळच्या तासांत हरभरा, लांबच्या तासांत मोहरी. मोहरी उंच वाढते, तिची सावली हरभऱ्यावर पडू नये म्हणून.

हे वाचलं तेव्हापासून मला तिथं जायचं होतं. आमच्या नगरकडच्या रानात दादा हरभऱ्यात करडईच्या ओळी टाकतात. त्या ओळी मोजत मी लहानाची मोठी झाले.

"शेत कुठाय?" मी चौकीदारांना विचारलं.

"ढक दिया, बहनजी. खुला रखते तो बारिश में बह जाता."

त्यांनी हातानं दिशा दाखवली. सपाट जमीन, खुरटी झुडपं. मला तरी पाटी दिसली नाही, आणि त्याचा राग आला. जिथं माणसानं नांगर धरल्याचा इतका जुना पुरावा मिळाला, तिथं दोन ओळी लिहिलेल्या हव्यात. मुलांना दाखवता आलं पाहिजे. पण शेत झाकलं ते बरंच केलं. उघडं ठेवलं असतं तर आज काहीच उरलं नसतं.

संग्रहालयात त्याचा फोटो आहे. इथंच सापडलेल्या सात अग्निकुंडांच्या रांगेबद्दल सगळे विचारतात. मी मात्र त्या फोटोसमोरून हललेच नाही.

मग पुन्हा बाहेर आले, त्या सपाट जागेजवळ उभी राहून दादांना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तास किती अंतरावर?"

"एक फूट."

"आपला हरभरा तेवढ्यावरच असतो की." मग थोडं थांबून, "माती कशीय?"

मी खाली वाकून चिमूटभर माती बोटांत चोळली, परत तिथंच सोडली. "पिवळट आहे. मऊ. गाळाची."

"मग येणारच हरभरा," दादा म्हणाले.