नाणं चिंचेनं का घासत नाही?

घरी आलेल्या पाहुण्यांसमोर नाण्यांचा ट्रे ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला. "एवढी महागाची नाणी, मग ही अशी काळपट का? चिंच-मीठ लावून एकदा घासून का टाकत नाही?" तांब्याची भांडी लख्ख ठेवणाऱ्या घरात वाढलेल्याला हे खटकणारच. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

ही अमेरिकेची लार्ज सेंट, म्हणजे एक सेंटची जुनी, मोठ्या आकाराची नाणी. १७९३ ते १८५७ या काळात फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत पाडलेली, निव्वळ तांब्याची. सुरुवातीला टाकसाळीला तांबं मिळवतानाच नाकी नऊ यायचे, मोडीतलंही चालवून घेतलं जायचं. पुढे बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनकडून तयार चकत्या येऊ लागल्या. याच बोल्टनच्या सोहो टाकसाळीत कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्याचे १७९१ आणि १७९४ चे तांब्याचे पैसे पाडले गेले. म्हणजे गोतावळा तसा आपल्या ओळखीतलाच.

आता चिंच. नाण्यावरचा तपकिरी थर ही बाहेरून बसलेली घाण नसते, नाण्याच्याच तांब्याचा वरचा पापुद्रा हवेनं तसा झालेला असतो. आम्ल लावलं की तो जातो, आणि ठसा पडताना धातूला आलेली मूळ झळाळीही त्याबरोबर जाते. खाली उरतो तो कच्चा गुलाबी रंग, जो पुढे डागाळत जातो. दोनशे वर्षांचा तपकिरी पुन्हा आणता येत नाही. मी फार तर झायलीन या द्रावकानं तेलकटपणा काढतो आणि मऊ ब्रश फिरवतो. हिरवट खपली दिसलीच, तर गुलाबाच्या काट्यानं, भिंगाखाली, जीव मुठीत धरून. काटा तांब्यापेक्षा मऊ असतो.

दर्जा ठरवतानाही हाच हिशेब. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञानं १९४९ मध्ये १ ते ७० ची मोजपट्टी आणली, ती मुळात १७९४ च्या सेंटचे भाव सांगण्यासाठी. (याच गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीतली उत्तम सेंट आपल्या हलक्या नाण्यांशी गुपचूप बदलली होती. ते उघड झालं त्यांच्या मृत्यूनंतर.) १९६७ मध्ये स्थापन झालेल्या अर्ली अमेरिकन कॉपर्स या जुन्या तांब्याच्या नाण्यांच्या संग्राहकांच्या क्लबातली मंडळी आधी शार्पनेस बघतात, म्हणजे नाण्यावरच्या चेहऱ्याचे केस, माळेची पानं, अक्षरं किती शाबूत आहेत ते. मग खोट वजा करतात.

माझ्याकडचं १८०१ चं एक सेंट घ्या. ठसा कोरणाऱ्यानं त्यावर तीन घोळ घातलेत: डॉलरचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या १/१०० ऐवजी १/०००, 'युनायटेड'मधल्या यूच्या जागी दोन उभ्या रेघा, आणि पानांच्या माळेचा डावा देठ गायब. त्याबद्दल गुण कापत नाहीत, उलट लोक तेच शोधत असतात. शार्पनेस व्हीएफ-२०, म्हणजे 'व्हेरी फाइन', त्या मोजपट्टीवर २०. पण सालाभोवती बारीक खड्डे आहेत, कडेला एक ठेच आहे. खोट वजा जाता उरलेला दर्जा, म्हणजे नेट ग्रेड, एफ-१२ ('फाइन').

नाण्याचा दर्जा ठरवून ते डबीत बंद करून देणाऱ्या ग्रेडिंग कंपन्यांच्या प्लॅस्टिकच्या डबीवर मात्र अनेकदा यापेक्षा चढा आकडा असतो. क्लबवाल्यांनी तो खाली आणला की विकणारा वैतागतो. मी बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या बाजूला असतो, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.