व्हॅम्पायरला तलफ कधी लागते?

‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा रोल-प्लेइंग गेम, यात प्रत्येक खेळाडू एक व्हॅम्पायर कॅरेक्टर चालवतो. त्याच्या जुन्या नियमांत व्यसन हा तीन पॉइंटांचा फ्लॉ, म्हणजे दोष, आहे. कॅरेक्टर बनवताना हा दोष पदरात घ्या आणि बदल्यात मिळालेले तीन पॉइंट हवे तिथे खर्च करा. नियम मोजून दोन-तीन ओळींचा. ज्या पदार्थाचं व्यसन आहे तो पिण्याच्या रक्तात असलाच पाहिजे, नाहीतर व्हॅम्पायर आपोआप फ्रेन्झीत जातो, म्हणजे त्याचा स्वतःवरचा ताबा सुटतो. दारू, निकोटिन, हार्ड ड्रग्ज, अगदी अ‍ॅड्रेनलीनसुद्धा चालतं. शेवटी एक वाक्य आहे, की हा पदार्थ कॅरेक्टरमध्ये नेहमी काही ना काही बिघाड करतो. रक्तात तो किती असायला हवा, फ्रेन्झी नेमकी कोणत्या क्षणी, हे सगळं खेळ चालवणाऱ्या स्टोरीटेलरच्या गळ्यात.

आमच्या टेबलावर ती स्टोरीटेलर मी. दिवसा मेडिकलच्या काउंटरवर असते, त्यामुळे औषध रक्तात किती वेळ टिकतं या प्रश्नावर माझं तोंड आपोआप उघडतं. आणि हा फ्लॉ घेतला कुणी, तर आमच्यातल्या वकिलाने. क्लॅन (म्हणजे व्हॅम्पायरचं कूळ) ब्रूहा, नव्वदच्या दशकातलं शिकागो, व्यसन निकोटिनचं. दारू चालली नसती. आमच्यातल्या एकीने क्रॉनिकल, म्हणजे आमची कथा, सुरू होण्याआधीच सांगितलं होतं की घरी पुरेशी पाहिली आहे, टेबलावर नको. विषय तिथेच संपला.

वकिलाचा हिशोब सरळ होता. त्या काळात शिकागोत बारबाहेर उभं राहिलं की चारातले दोन सिगारेट ओढताना दिसणार, म्हणजे तीन पॉइंट फुकट. (कथा ठाण्यात ठेवली असती तर त्याला आणखी सोपं गेलं असतं. तंबाखू मळणारे, गुटखेवाले, मिश्री लावणाऱ्या आज्ज्या. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे म्हणे.) शिवाय क्लॅनमुळे ब्रूहाला फ्रेन्झी रोखणं दोनने अवघड जातं खरं, पण ‘आपोआप’ म्हटल्यावर रोलच (फासे टाकणंच) नाही, मग क्लॅनच्या कमजोरीचा संबंध येतोच कुठे? हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

अडलं ते एका बाईपाशी. रात्रपाळी संपवून निघालेली नर्स, बसस्टॉपवर एकटी, कोटाला सिगारेटचा वास. त्याने रोल केला, जमला, दात रुतवले. मी म्हटलं, फ्रेन्झी. सिगारेट तिचा नवरा ओढतो, ती नाही.

“पॅसिव्ह स्मोकिंगने निकोटिन रक्तात जातं की नाही, तू सांग. फार्मासिस्ट तू आहेस.”

जातं. सिगारेट न ओढणाऱ्यांच्या रक्तातही कोटिनिन सापडतं, म्हणजे निकोटिनचं शरीरात मोडून जे उरतं ते. निकोटिनचं अर्धायुष्य साधारण दोन तास. रात्री दहाला शेवटची ओढलेल्याकडे पहाटे चारला आठवा हिस्सा उरेल. हे मला पाठ आहे, आणि इथेच पाय घसरायला वेळ लागत नाही. एकदा का टेबलावर अर्धायुष्य काढलं की दर शिकारीला कॅल्क्युलेटर. अ‍ॅड्रेनलीनचं तर काही मिनिटांचंच काम, त्यात व्हॅम्पायरच्या चाव्याने सावजाला सुखाची गुंगी येते, म्हणजे ज्या भीतीसाठी चावलं तीच जायची. आणि ज्याचं हृदय बंद आहे त्याचं लिव्हर कशाला मोजायचं?

उत्तर नियमातच आहे, त्या शेवटच्या वाक्यात. सगळे पहिल्या वाक्यावर भांडतात आणि हे सोडून देतात. पदार्थ नेहमी बिघाड करतो, असं लिहिलंय ना? मग ज्या मात्रेने बिघाड होत नाही ती मात्रा रक्तात आहे असं धरायचं नाही. नवऱ्याच्या धुराने ब्रूहाचा हात थरथरणार नाही. म्हणून फ्रेन्झी, आणि तीही गळ्याशी तोंड असतानाच, कारण नियमाने रक्त पिणं आणि फ्रेन्झी एकाच वाक्यात बांधलेत. पोटात गेलेलं रक्त मात्र पोटात. व्हेंट्रू या दुसऱ्या क्लॅनला चुकीचं रक्त टिकतच नाही, तसं इथे काही लिहिलेलं नाही. एक विलपॉवर (मनोबलाचा पॉइंट) घालून त्याने एका टर्नपुरता ताबा मिळवला आणि त्या टर्नमध्ये बाईला दूर ढकललं. ह्युमॅनिटी, म्हणजे कॅरेक्टरमधल्या माणूसपणाचा आकडा, वाचली, थोडक्यात.

त्याच वाक्याची दुसरी बाजू त्याला जास्त झोंबली. बारबाहेरच्या पक्क्या सिगारेटवाल्याला चावलं, तर फ्रेन्झी नाही, पण बिघाड आहे. तासभर बारीक हातकामाला आणि लपूनछपून वावरायला एक डाइस (फासा) कमी, हा माझा आकडा. फुकटचे तीन पॉइंट असे वसूल होतात.

२०१८च्या पाचव्या आवृत्तीत हे सगळं नीट बसवलंय. शेवटचं रक्त तुमच्या नशेचं नसेल तर गंभीर व्यसन असलेल्या कॅरेक्टरचे दोन डाइस जातात, फक्त ती नशा लगेच मिळवून देणाऱ्या कृतीला सूट. स्वच्छ आहे, पण टीडीएस कापल्यासारखं वाटतं, त्यात गळा कुठेच नाही. ‘शेवटचं’मध्येही पळवाट आहे: रात्रभर कुणालाही प्या आणि शेवटी सिगारेटवाल्याचा एक घोट घ्या. मी असं धरते की हंगर (या आवृत्तीतला भुकेचा आकडा) किमान एकने उतरली तरच ते पिणं मोजायचं. हंगर एकवर असेल तर माणसाला मारल्याशिवाय ती शून्यावर येत नाही, म्हणजे पोट भरल्यावरचा घोट बादच. वकील यावर काही बोलला नाही, मान हलवून वहीत लिहून घेतलं.

आम्ही अजून जुनेच नियम खेळतो. मागच्या शनिवारी त्याने नवीन अर्ज दाखल केला: निकोटिन पॅच. अमेरिकेत ते १९९६ पासून प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतात आणि आमच्या कथेत १९९७ चालू आहे. ज्यांचं रक्त तो नेहमी पितो त्या कळपातल्या माणसांना पॅच लावून ठेवले तर? मंजूर केलं, पॅचमधून निकोटिन दिवसभर झिरपत राहतं आणि रक्तात पुरेसं असतं. फक्त दिवसाउजेडी ते दुकानातून आणून लावणार कोण? रिटेनरवर, म्हणजे हाताखालच्या नोकरावर, त्याने एकही पॉइंट घातलेला नाही.